करोडगिरीच्या नाक्यावर अडलेलं ग्रहण

माझ्या वडिलांचं जळकोटात हमरस्त्याला लागून किराणा दुकान होतं, पण त्यांचा जीव दुकानात नव्हता, दुकानाच्या माळवदावर होता. दिवेलागण झाली की ते फळ्या लावायचे आणि मला कडेवर घेऊन शिडी चढायचे. दिवसभर गिऱ्हाइकांची तोंडं बघितली, आता जरा चांगलं काहीतरी बघू, असं म्हणायचे. गिऱ्हाईक खाली फळी वाजवत बसायचं. वडील वरनं ओरडून सांगायचे की मीठ उद्या मिळंल.

माझी आई मी रांगत होते तेव्हाच गेली. वडिलांना अंगाई येत नव्हती, राजाराणीच्या गोष्टी येत नव्हत्या, त्यामुळं मला झोपवायला त्यांच्याकडं एक आभाळच होतं. ताऱ्यांची शास्त्रातली नावं त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी आपली दुकानातली नावं ठेवली होती, अर्धी मराठी, अर्धी कानडी. कृत्तिका म्हणजे सांडलेली खसखस. तीन तारे ओळीत दिसले की तो तराजूचा दांडा. पुढं मोठेपणी कुणी मला खरी नावं सांगितली तेव्हा मला ती खोटी वाटली, अजूनही वाटतात.

एका वर्षी शेंडीवाला तारा उगवला. सगळं गाव पहाटे उठून आमच्या दुकानापुढं गोळा झालं, कारण तिथून आभाळ मोकळं दिसायचं. एकानं सांगितलं, हा तारा म्हणजे आता लढाई होणार. वडील म्हणाले, लढाई तर आधीच चालू आहे, म्हणजे हा उशिरा आला. लोकांना ते आवडलं नाही. इतक्या लांबून आलेल्या ताऱ्याला असं बोलतात का, म्हणून चार दिवस कुणी आमच्याकडनं गूळ घेतला नाही.

ग्रहण असलं की मात्र आमची दिवाळी. वडील माळवदावर बाज टाकायचे, पाटीभर चुरमुरे आणि भाजलेल्या शेंगा घ्यायचे, आणि आम्ही बापलेक खात खात चंद्र बघायचो. आजूबाजूच्या घरात लोक दारं लावून, तोंडं मिटून बसलेले असायचे आणि आमच्या माळवदावरून शेंगांची टरफलं त्यांच्या अंगणात पडायची. चंद्र हळूहळू खाल्ला जायचा, तांबूस व्हायचा, मग पुन्हा उजळायचा. त्याच्यापेक्षा चांगला तमाशा मी जन्मात बघितला नाही.

अशा पोरीला त्यांनी दिलं कुठं, तर ईटला. जळकोट आमच्या जिल्ह्याच्या एका कडेला, ईट दुसऱ्या कडेला. पत्रिका जुळली होती म्हणे. ग्रहणाबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

सासरी माणसं मोजकी. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते. सासूबाई, त्यांचे दोन मुलगे आणि मी. धाकटा मुलगा तो माझा नवरा. त्यांचं एकच वाक्य होतं, 'तुम्ही म्हणाल तसं.' आईला म्हणायचे, मला म्हणायचे, बैलालासुद्धा म्हणत असतील. थोरले भावजी मात्र बोलण्यात एकदम तयार. ते बारशीला कापडाच्या दुकानात होते आणि सणावाराला घरी यायचे. त्यांचं डावं पाऊल जन्मापासून आत वळलेलं होतं. चालताना ते एका बाजूला झोका घ्यायचे, पण असे भराभरा चालायचे की बरोबरच्याला पळावं लागायचं. त्या पायामुळं कुठं सोयरीक जमली नाही, म्हणून धाकट्याचं लग्न आधी झालं.

त्या पायाचं कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. मला ते सासरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी कळलं. पलीकडच्या घरात एक मावशी राहायच्या, गल्लीतल्या सगळ्यांच्याच मावशी. त्यांनी भिंतीवरून मान वर काढली आणि सांगितलं की तुझ्या सासूनं पोटुशी असताना गिरान, म्हणजे ग्रहण, बघितलं, म्हणून थोरल्याचा पाय असा. सांगताना त्यांना इतका आनंद होत होता की मला वाटलं, आता भिंतीवरून पलीकडं पडतात की काय. मी सासूबाईंना कधी विचारलं नाही. कोण विचारणार? त्यांच्यापुढं मोठ्यानं शिंकायचीही माझी छाती नव्हती.

मला दिवस गेले आणि पाचवा महिना लागला, तेव्हाच भावजींनी बारशीहून निरोप धाडला की पुनवेला चंद्रग्रहण आहे. झालं. सासूबाईंनी जे सुरू केलं त्याला लढाईची तयारीच म्हणायला पाहिजे. ग्रहणात पोटुशीनं काय करायचं नाही हे त्या मला रोज संध्याकाळी ऐकवायच्या आणि सकाळी माझ्याकडून म्हणवून घ्यायच्या. चिरायचं नाही, नाहीतर लेकराचा ओठ फाटतो. शिवायचं नाही, कान चिकटतात. अंग मुरडून बसायचं नाही, गाठ मारायची नाही, काडी मोडायची नाही, खाजवायचं नाही, खायचं नाही, प्यायचं नाही. आणि बघायचं तर नाहीच. मला जिथं ज्वारीची पोती होती त्या आतल्या खोलीत बसवायचं ठरलं. त्या खोलीला माळवदात उजेडापुरतं एक भोक होतं. सासूबाईंनी स्वतः वर चढून त्याच्यावर पाटी उपडी घातली आणि पाटीवर दगड ठेवला. चंद्र काय पाटी उचलून आत येणार होता?

मी रडले. मला ग्रहण बघायचं होतं. त्यात लाजण्यासारखं मला अजूनही काही वाटत नाही. मी नवऱ्याला रात्री हळूच विचारलं की थोडं भोक उघडं ठेवता येईल का. ते म्हणाले, तू म्हणशील तसं. सकाळी ते आईला विचारून आले आणि म्हणाले, आई म्हणंल तसं. मी कपाळावर हात मारून घेतला. पण खरं सांगायचं तर सासूबाईंचा मला राग येत नव्हता. त्यांचं तोंड बघून येत नव्हता. त्या भ्यायल्या होत्या. दुसऱ्यांदा त्यांच्या घरात तसं लेकरू जन्मू नये, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं, आणि ग्रहण जवळ यायला लागलं तसं त्यांचं जेवण सुटलं.

ग्रहणाच्या आदल्या दिवशी भावजी आले आणि त्यांच्याबरोबर घड्याळ आलं. गजराचं घड्याळ, डोक्यावर दोन घंटा असलेलं. आमच्या गल्लीत तोवर कुणाकडं घड्याळ नव्हतं आणि कुणाचं काही अडलंही नव्हतं. बारशी इंग्रजाच्या राज्यात आणि आम्ही निजामाच्या. मधे करोडगिरीचा नाका. तिथं निजामाचे शिपाई येणाऱ्याचं गाठोडं उसकटून बघायचे आणि जकात घ्यायचे. भावजींनी घड्याळ गोधडीत गुंडाळून आणलं होतं. नेमकं शिपायाच्या पुढं उभं असताना गोधडीत गजर झाला. शिपाई दोन हात मागं उडाला. भावजींनी शांतपणे घड्याळ काढून दाखवलं. शिपायानं ते पुन्हा पुन्हा वाजवायला लावलं, पोटभर ऐकलं आणि खूश होऊन त्यांना सोडून दिलं. ही हकिगत भावजींनी घरात आल्या आल्या खांबाला सांगितली. तेव्हा थोरला दीर धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलत नसे. मला काही सांगायचं असलं की ते ओसरीतल्या खांबाकडं तोंड करायचे, मी चुलीपाशी बसून ऐकायचे, आणि उत्तर द्यायचं तर भाकरीच्या पिठाला द्यायचे. घर असं चाललं होतं आणि चांगलं चाललं होतं.

आता आधी ग्रहण कळायचं ते आभाळाकडं बघून. कुणीतरी बघायचा, ओरडायचा, आणि मग दारं लागायची. भावजींना हे अडाणीपणाचं वाटलं. त्यांनी बारशीचं पंचांगही आणलं होतं. त्यात साडेआठला स्पर्श, म्हणजे चंद्राला ग्रहण लागणार, असं छापलेलं. त्यांनी गल्लीत दवंडीच दिली म्हणा ना, की यंदा गिरान घड्याळावर लागंल, कुणी वर बघत बसू नका.

त्या दिवशी मी दुपारी जेवले ते जेवले. संध्याकाळी दह्यावर, लोणच्यावर, पाण्याच्या घागरीवर तुळशीची पानं पडली. भावजींनी एक पान घड्याळावरही ठेवलं. घड्याळ पाटावर मांडून ते त्याच्यापुढं मांडी घालून बसले. अंगणात गल्लीतली माणसं जमली. घड्याळात साडेआठ वाजले, गजर वाजला, आणि सासूबाईंनी मला असं आत ढकललं की मी ज्वारीच्या पोत्यावर जाऊन बसले. गल्लीभर धडाधड दारं लागली, अंगणात चार बाप्ये तेवढे राहिले.

मग सगळं गप्प. मी अंधारात. पोटात कावळे ओरडत होते आणि लेकरूही आतून पाय मारत होतं, त्यालाही भूक लागली असावी. सासूबाई दारात बसून माझ्यावर पहारा करत होत्या. थोड्या वेळानं अंगणातून कुणीतरी म्हणाल्याचं ऐकू आलं की चंद्राला काहीच झालेलं दिसत नाही.

भावजी म्हणाले, सुरुवातीला बारीक असतं, आपल्या डोळ्याला दिसत न्हाय. लोकांनी आणखी वाट बघितली. चंद्र नुकत्याच तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखा टुमटुमीत होता. मला तो दिसत नव्हता, पण लोकांच्या बोलण्यावरून सगळं कळत होतं. कुणीतरी म्हणालं, घड्याळ हाय का खेळणं? तेव्हा भावजी पेटले. त्यांनी सांगितलं की पंचांग बारशीचं, म्हणजे वेळ इंग्रजाच्या हद्दीतली. तिकडं गिरान लागलंय. आपल्याकडं यायला त्याला करोडगिरीचा नाका लागतो.

लोक हसले. पण मजा अशी की हसता हसता अर्ध्या लोकांना ते पटलं. त्या दिवसांत साखर नाक्यावर अडायची, रॉकेल अडायचं, कापड अडायचं. ग्रहण अडलं तर त्यात नवल ते काय? एकजण तर म्हणाला की शिपाई त्याच्याकडं पावती मागत असतील. पोत्यावर बसल्या बसल्या मला इतकं हसू आलं की सासूबाईंनी दारातून विचारलं, पोटात दुखतंय का.

घड्याळात साडेनऊ व्हायला आले तरी चंद्राला ओरखडा नाही. लोक कंटाळून घरोघर गेले. शेवटी भावजींनी निकाल दिला की यंदाचं ग्रहण रद्द झालं. लढाई चालू आहे, रेल्वेच्या गाड्या रद्द होतात, तसं हेही झालं. सासूबाईंना पटेना. त्यांनी थोरल्याला शपथ घ्यायला लावली. भावजींनी येरमाळ्याच्या येडेश्वरीची आण घेऊन सांगितलं की गिरान गेलं, आता लागायचं न्हाय.

आण ऐकली आणि सासूबाईंच्या अंगातलं भूत उतरल्यासारखं झालं. त्यांनी दार उघडलं, मला हाताला धरून अंगणात आणलं, खाली पोतं अंथरलं. बिचारं उपाशी लेकरू, बिचारं उपाशी लेकरू, असं त्यांचं चाललंच होतं. ते मला म्हणत होत्या का पोटातल्याला, कोण जाणे. त्यांनी भाकरी आणि पिठलं वाढलं. शेतातनं आलेलं, काकडीच्या जातीचं एक पिकलेलं वाळूक पुढं ठेवलं, विळती आणून दिली आणि म्हणाल्या की चिर, पोटभर खा. इतक्या मायेनं त्या माझ्याशी आधी कधी बोलल्या नव्हत्या.

मी विळतीच्या पाटावर पाय ठेवला. वाळूक चिरलं, फोडीला मीठ लावलं, फोड तोंडात घातली आणि मी माझ्या बापाची लेक, मान आपोआप वर गेली. चंद्राची डावी कड खालून गायब होती. कुणी ओल्या पिठात अंगठा दाबावा तशी. माझ्या तोंडात वाळूक, हातात वाळूक, पायाखाली विळती, डोळ्यांपुढं ग्रहण. करायचं नाही म्हणून जे जे शिकवलं होतं ते सगळं मी एका दमात करत होते.

मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण मला इतका आनंद झाला की मी भरल्या तोंडानं सासूबाईंना म्हणाले, "आत्या, लागलं."

पुढं जो गोंधळ उडाला त्याची मला अजून गंमत वाटते. भावजी उडी मारून उठले, त्यांचा धक्का पाटाला लागला आणि घड्याळ पडून गजर वाजायला लागला. मावशींची मान भिंतीवर उगवली. माझ्या तोंडात फोड तशीच होती. आता तिचं काय करायचं हा प्रश्न निघाला. भावजी म्हणाले, थुंकायला सांगा. मावशी म्हणाल्या, गिरानात अन्न थुंकलं तर लेकरू मुकं होतं. मग गिळायचं? गिळलं तर डाग पडतो. ना थुंकायचं ना गिळायचं, तर ग्रहण सुटेपर्यंत तोंड मिटून बसायचं का, असं भावजींनी विचारलं. मावशी म्हणाल्या, तेच बरं. आमचे हे मधे उभे राहून तुम्ही म्हणाल तसं, तुम्ही म्हणाल तसं करत होते. गजर वाजतच होता, तो बंद कसा करायचा हे घाबरल्यामुळं भावजींना आठवेना. एवढ्यात मी फोड गिळून टाकली होती. गोड होती.

मला वाटलं होतं, आता आभाळ कोसळतं. पण सासूबाई खाली बसल्या, विळतीशेजारी, धुळीतच. त्यांनी माझ्या पोटावर पदर टाकला, नुसता पदर, आणि दोन्ही हातांनी तो धरून ठेवला. मला तेव्हा त्यांची लई दया आली. तरी मी वर बघतच राहिले, कारण झालं ते झालंच होतं. आत जाऊन आता काय वाचणार होतं? चंद्र अर्धा होईपर्यंत मी बघितला. मग सासूबाईंना भान आलं आणि त्यांनी मला पोत्यांच्या खोलीत नेलं. तिथं बसून मी पोटातल्याला सगळं सांगितलं, तुझ्या आज्यानं मला दाखवलं तसं मी तुला दाखवलं म्हणून.

आठ-पंधरा दिवसांनी वडील मला बघायला आले, तेव्हा भावजीही सणाला घरी आले होते. हकिगत ऐकून ते इतके हसले की सासूबाईंनी तोंड फिरवलं. मग त्यांनी उलगडा केला. लढाईमुळं सरकारनं घड्याळं तासभर पुढं ढकलली होती. पंचांगवाला मात्र जुन्याच वेळेनं छापत होता. भावजींनी घड्याळ लावलं होतं बारशीच्या गिरणीच्या भोंग्यावर, आणि भोंगाही तासभर पुढं. बारशीत सगळीच घड्याळं पुढं, त्यामुळं कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं. ग्रहण नाक्यावर अडलं नव्हतं की रद्द झालं नव्हतं. ते आपलं वेळेवर आलं होतं.

भावजींचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी घड्याळ फडक्यात बांधून ज्वारीच्या पोत्यात खोल खुपसलं. दुसऱ्याच दिवशी पहाटे पोतं वाजायला लागलं आणि आमचे हे भूत भूत करत अंगणात पळाले. मग घड्याळ परत बारशीला गेलं.

त्यापुढचे चार महिने मावशींची चंगळ होती. रोज भिंतीवरून नवीन काहीतरी. लेकराचं डोकं वाळकासारखं लांबुळकं होणार. जीभ चिरलेली निघणार. अंगावर वाळकासारख्या रेघा येणार. मला एक दिवस राग आला आणि मी म्हटलं, मावशी, बिया पण निघतील का? त्या दोन दिवस भिंतीवर आल्या नाहीत. सासूबाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, हेच मला जड जात होतं. त्या मीठमिरच्या उतरवायच्या, मला तूप खाऊ घालायच्या, आणि रात्री मी झोपले असं समजून पोटाला हात लावून बसायच्या. येरमाळ्याला जाऊन त्या देवीची माफी मागून आल्या, थोरल्यानं खोटी आण घेतली म्हणून. आमच्या घरात हसणंच बंद झालं. माझीही हळूहळू पाचावर धारण बसली. मी बापाची लेक खरी, पण रोज रोज तेच ऐकलं की माणूस भितो. मी झोपेत लेकराचे पाय बघायची आणि दचकून उठायची.

भावजी आता दर आठवड्याला बारशीहून यायला लागले. येताना माझ्यासाठी काही ना काही आणायचे आणि खांबापाशी ठेवायचे. एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते, ते खांबापुढं येऊन उभे राहिले. मग खांबाला म्हणाले, "लेकराचा पाय माझ्यावानी निघाला तर भिऊ नगा म्हणावं. म्या शिकवीन त्याला चालायला. मला येतंय."

मी तेच पीठ पुन्हा पुन्हा मळत राहिले. भाकरी करपली.

थंडीत, ज्वारी हुरड्याला आली तेव्हा मी बाळंत झाले. आई नव्हती म्हणून बाळंतपण सासरीच. मुलगी झाली. सुईणीनं नाळ कापली न कापली तोच सासूबाईंनी लेकरू ओढून घेतलं आणि कंदिलापाशी नेलं. सुईण ओरडत होती की आधी पुसू द्या. कोण ऐकतंय? त्यांनी ओठ बघितले, बोट घालून टाळू बघितला, कान उलटेपालटे करून बघितले, बोटं मोजली, पुन्हा मोजली. सगळ्यांत शेवटी पाय. दोन्ही पावलं दोन तळव्यांवर घेऊन त्या बघत राहिल्या. पोरगी केकाटत होती. मी बाजेवरून विचारत होते, आत्या, कसं हाय? त्यांनी पाय पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतले. माझा जीव अर्धा झाला. शेवटी सुईणच वैतागून म्हणाली, सोन्यासारखं लेकरू हाय, काय बघतीस त्याच्यात?

सकाळी ऊन आल्यावर सासूबाईंनी दाराशी बसून पुन्हा सगळं बघितलं. भावजी आदल्या दिवशीच आले होते. ते बाहेर, ओसरीत उभे होते. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांनी यायचं नव्हतं. सासूबाई लेकराकडं बघतच बोलायला लागल्या. माझ्याशी बोलत होत्या असंही नाही.

"म्या त्या गिरानात भिताडाला पाठ लावून बसले हुते. सुटंस्तोवर. काडी मोडली न्हाय, अंग खाजवलं न्हाय, थेंब पाणी पिले न्हाय. डोळं सुदिक मिटून घेतले हुते. तरी ह्याचा पाय तसा आला. कुणाला खरं वाटलं न्हाय. हेनी बी मरंस्तोवर म्हनले, तू बघितलं असशील."

मी बाजेवर उठून बसले. लग्न झाल्यापासून मीही मावशींचंच खरं धरून चालले होते.

मग सासूबाईंनी जे केलं ते सांगितलं तर आजही कुणाला पटत नाही. घरात सुईर होतं. बाळंतिणीचा विटाळ दहा दिवस, ना कुणाला शिवायचं, ना लेकरू उंबऱ्याबाहेर काढायचं. सोवळ्याच्या बाबतीत आमच्या सासूबाई म्हणजे गावाला दाखला. त्यांनी लेकरू पदरात घेतलं, उंबरा ओलांडला आणि अनवाणी गल्लीत उतरल्या. मागं भावजी झोके घेत निघाले. त्यांच्यामागं आमचे हे. त्यांच्यामागं मीही, भिंत धरत धरत, बाळंतीण असून. सुईण हातात फडकं घेऊन सगळ्यांच्या मागं.

मावशी अंगणात सुपानं ज्वारी पाखडत होत्या. आम्हाला बघून त्या सूप घेऊन मागं सरकल्या. शिवशील गं, सुईर हाय, असं काहीतरी म्हणत होत्या. सासूबाई थेट त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि लेकराचं फडकं सोडलं.

"बघ. दोनी पाय बघ. हिच्या आईनं गिरान बघत वाळूक चिरलं, खाल्लं, तू भिताडावरून बघितलंस. आता सांग मला, म्या काय केलं हुतं?"

तेवढ्यात आमच्या पोरीनं, फडकं सुटल्यामुळं गार लागलं असेल, मावशींच्या पाखडलेल्या ज्वारीवर धार सोडली. ज्वारी गेली. सुईणीला हसू आवरेना, मग मला आवरेना. माझं पोट दुखत होतं तरी मी हसत होते. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांना उत्तर पाहिजे होतं आणि मावशी सूप खाली ठेवून घरात निघून गेल्या होत्या.

आम्ही परत फिरलो. गल्लीच्या मधोमध भावजी थांबले. तिथं खांब नव्हता. ते आईकडं बघून म्हणाले, "आई, मला बी खरं वाटलं नव्हतं गं."

सासूबाई म्हणाल्या, "ठावं हाय मला."

आणि त्यांनी लेकरू भावजींच्या हातात दिलं.